बिनसावलीची पाहुणी

आबांच्या भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले होते आणि वल्लरीला त्या फोटोंचा मनापासून राग येत होता.

डावीकडच्या फोटोत जांभळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फुलांचा गालिचा. इतका दाट, की पाऊल ठेवायला जागा नाही! उजवीकडच्या फोटोत काळाकुट्ट, भेगाळलेला, उघडाबोडका कातळ. आणि दोन्ही फोटोंखाली आबांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ : ‘आपला सडा. जागा तीच.’

सडा म्हणजे कोकणातल्या डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. वल्लरी सोलापूरहून अकरा तास प्रवास करून आली होती ती डावा फोटो बघून, आणि तिच्या वाट्याला आला होता उजवा.

“ही सरळ सरळ फसवणूक आहे, आबा!” ती कालपासून चौथ्यांदा म्हणाली.

आबा म्हणजे तिच्या आईचे बाबा. सगळा जन्म त्यांनी हवामानाच्या अभ्यासात घालवला होता आणि आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते गावी येऊन राहिले होते. “तू आलीस कधी?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“मे महिन्यात. सुट्टी मेमध्येच असते ना!”

“सुट्टी तुझ्या शाळेला गं. सड्याला कुठे शाळा आहे?”

वल्लरीनं नाक मुरडलं आणि खेकड्याच्या पाठीवर पाण्याची बाटली बांधायला घेतली. खेकडा हा आबांचा सहा पायांचा मोजणी-रोबो. तो तिरका चालायचा, फोटो काढायचा आणि दर दहा मिनिटांनी एकसुरी आवाजात तापमान सांगायचा. एवढंच त्याचं मराठी.

आज मे महिन्याची आठ तारीख होती आणि आबांनी वल्लरीला एक काम दिलं होतं. सड्यावर एक काठी अगदी सरळ उभी करायची आणि तिची सावली मोजत राहायची. आबा खाली अंगणात तेच करणार होते. “आज एक गंमत होणार आहे,” एवढंच ते म्हणाले. काय होणार ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. आबांची ही खोडच होती.

आबांकडे कामाला येणारी रखमाकाकी मात्र भांडी घासता घासता घाबरीघुबरी झाली. “बाय, भर दुपारची सड्यावर जाव नको हां! बाराच्या वक्ताला तिथं ती उभी र्‍हाते. बिनसावलीची. वर्षातनं एकदाच दिसते, पन दिसते. माज्या सासूनं बगितलीय.”

“भूत?” वल्लरी हसली. “काकी, सोलापूरच्या उन्हात भुतंसुद्धा टोपी घालतात.”

“हस, हस,” काकी म्हणाली. “पन मागं वळून बगू नको.”

*

आता मला सांगा, भीती रात्रीच वाटते असं कुणी ठरवलं? भर दुपारचा सडा बघितलाय कधी? कुठेही आडोसा नाही. कावळा नाही, चिमणी नाही, गवताचं हिरवं पातं नाही. लांबवर हवा पाण्यासारखी हलतेय आणि त्या हलत्या हवेतून कुणीतरी चालत येतंय असं सारखं वाटतंय. बघायला जावं, तर कुणीच नाही. आणि शांतता! आपल्या कानात आपलंच रक्त वाजतंय असं वाटायला लावणारी शांतता.

वल्लरीनं काठी रोवली, आबांची मोठी काळी छत्री मिटून बाजूला ठेवली आणि घड्याळ बघितलं. बाराला पाच कमी. मग बारा. मग बारा वाजून पाच.

काहीच झालं नाही. “हुश्श!” ती मोठ्यानं म्हणाली. “बारा टळले, भूत टळलं.”

कमरेला अडकवलेला वॉकीटॉकीचा डबा खरखरला आणि आबांचा आवाज आला. “घड्याळाचे बारा टळले, वल्ले. सूर्याचे कुठे टळले? घड्याळ सगळ्या देशाचं एकच. ते ज्या रेषेवर लावलंय, ती इथून बरीच पूर्वेला आहे. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर उशिरा येतो. आज बारा वाजून तेहेतीस मिनिटांनी. सावली बघत राहा.”

म्हणजे खरे बारा अजून वाजायचेच होते!

काठीची सावली आक्रसत चालली होती. वीतभर. मग बोटभर. मग नखाएवढी. बारा वाजून तेहेतीस मिनिटांनी ती काठीच्या बुडाशी शिरली आणि नाहीशी झाली. लख्ख उन्हात उभी काठी आणि सावली नाही!

“आबा, गेली! आबा?”

डब्यातून नुसती खरखर. मग तीही थांबली.

आणि मग तिच्या मागे खेकडा बोलला. तापमान नाही. तो म्हणाला, “तूसुद्धा बिनसावलीची?”

मागं वळून बघू नको, असं काकीनं बजावलं होतं. पण बघितल्याशिवाय राहणारी असती, तर ती वल्लरी कसली! ती वळली.

दहा पावलांवर कुणीतरी उभं होतं. बांबूसारखं उंच, सडपातळ, फिक्या मेणाच्या रंगाचं. डोळे होते, पण त्यांना पापण्या नव्हत्या. पायाशी सावलीचा टिपूससुद्धा नव्हता. आवाज मात्र खेकड्याच्या पोटातून येत होता.

वल्लरीनं खाली बघितलं. आपल्या उजवीकडे सावली नाही. डावीकडे नाही. पुढे नाही, मागे नाही. म्हणजे मीच…? मी कधी मेले?

घाबरून तिनं उडी मारली. उडी मारली तेव्हा दिसलं : तिच्या तळव्यांखाली, ताटलीएवढा काळा डाग! खाली आली, तशी डागावर पुन्हा तिचीच पावलं बसली.

“आहे! सावली आहे! माझ्या खाली दडलीय!” ती ओरडली. भुतासमोर इतका आनंद आजवर कुणाला झाला नसेल. “सूर्य बरोबर डोक्यावर आहे, म्हणून ती पायाखाली पडतेय!”

ती उंच आकृती दोन पावलं मागे सरली. “काळं,” खेकडा तिच्यासाठी बोलला. “तुझ्या पायाला काळं चिकटलंय. काढून टाक.”

भुताला आपली भीती वाटतेय! एकदा हे कळल्यावर मग वल्लरीला कोण थांबवणार? “तू कोण?” तिनं दरडावून विचारलं.

त्या आकृतीच्या तुटक वाक्यांतून हळूहळू उलगडलं ते असं. तिच्या ग्रहाची एकच बाजू कायम त्यांच्या सूर्याकडे असते. लोक राहतात ते बरोबर सूर्याखाली. तिथे सूर्य उगवत नाही, मावळत नाही, माथ्यावरून हलतच नाही. त्यामुळे तिथे कुणाची सावली पडत नाही आणि तिथे ऋतूही नाहीत. काळोख आहे तो ग्रहाच्या पाठीमागे, गोठलेला. तिकडे गेलेलं कुणी परत येत नाही.

“मी पिल्लांना शिकवते,” ती म्हणाली. “चाळीस पिल्लं. त्यांना जन्मात एकदाच सहल मिळते. जिवंत रान बघायची. म्हणून मी तुमच्या ग्रहावर जागा शोधते. तुमचा सूर्य माथ्यावर असतो तो चांगला दिवस, म्हणून दरवर्षी याच दिवशी येते. सात वेळा आले. सातही वेळा नुसता मेलेला दगड. आज ‘नाही’ कळवायचं आहे. मग सहल नाही.”

वल्लरीच्या डोळ्यांसमोर आबांचे दोन फोटो आले. ही तर आपल्यासारखीच फसलीय! आपण शाळेच्या हिशेबानं आलो, ही तिच्या सूर्याच्या. सड्याला कुणीच विचारलं नाही.

“थांब, नाही कळवू नकोस!” ती म्हणाली. “हा दगड मेलेला नाही. चुकीच्या वेळी आलीस तू.”

“वेळ? जागा तीच. वेळेनं काय बदलतं?”

कसं सांगायचं? काल आबांनी कैरीत विणकामाची सुई खुपसून सूर्याची ये-जा, तिच्या तारखा आणि मागून येणारा पाऊस समजावला होता, ते वल्लरीला आठवलं. तिनं बाटली हातात घेतली आणि ती तिरकी धरून आकृतीभोवती चालायला लागली. “समज, तू सूर्य. ही पृथ्वी. आमची पृथ्वी अशी कललेली आहे. तिचा अक्ष (ती ज्या रेषेभोवती गिरकी घेते ती मनातली रेषा) सरळ नाही. म्हणून सूर्य वर्षभर एकाच गावाच्या माथ्यावर राहत नाही. तो उत्तरेला सरकतो, मग दक्षिणेला. या दोन टोकांच्या मधला प्रदेश म्हणजे उष्ण कटिबंध (पृथ्वीच्या पोटावरचा गरम पट्टा). इथल्या प्रत्येक गावाच्या माथ्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो. एकदा जाताना, एकदा परत येताना! आज सावली गेली ती त्यामुळेच. म्हणजे हा शून्य सावली दिवस!”

“दोनदा,” खेकडा पुटपुटला.

“हो! आणि सूर्याच्या मागे मागे येतो पाऊस. सूर्यानं जमीन तापवली, की तिथली हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा धावत येते, तीही वर चढते, गार होते आणि ढग होतात. हा पर्जन्यपट्टा (ढगांचा पृथ्वीला घातलेला वेढा) सूर्याच्या मागून चालतो, पण उशिरानं. चुलीवर पातेलं ठेवल्या ठेवल्या कुठे उकळी फुटते? आज चूल पेटलीय. उकळी अजून महिन्यानं. तू दरवर्षी चूल बघून परत जातेस!”

वल्लरी दम घ्यायला थांबली आणि तिचं काठीकडे लक्ष गेलं. काठीच्या बुडाशी, पूर्वेच्या बाजूला, दोऱ्याएवढी काळी रेघ उगवली होती.

आकृतीनंही ती पाहिली. ती थरथरायला लागली. तिच्या स्वतःच्या पायातून तसंच काहीतरी बारीक, काळं बाहेर येत होतं. “काळं आलं,” खेकड्याचा आवाज चिरकला. “मी जाते. मी ‘नाही’ कळवते.”

“पुरावा देते! फक्त दोन मिनिटं!” वल्लरी गुडघ्यांवर बसली. कातळाच्या भेगेत करपलेल्या पापडासारखं काहीतरी चिकटलं होतं. बोट लावलं तर चुरा होईल असं. तिनं बाटलीतलं सगळं पाणी त्यावर ओतलं. काहीच हललं नाही. रेघ करंगळीएवढी झाली. आकृतीच्या कडा धुरासारख्या विरायला लागल्या.

काय करावं? वल्लरीनं छत्री उचलली, खाट्‌कन उघडली आणि पळत जाऊन त्या मेणाच्या आकृतीवर धरली.

आकृती किंचाळली असावी, कारण खेकडा तिन्ही डाव्या पायांवर कोलमडला. मग सगळं शांत झालं.

“खाली बघ,” वल्लरी कुजबुजली. पाहुणीच्या अंगाला बर्फासारखा गारवा होता. “छत्रीखाली तुझी सावली आहे का?”

बिनपापण्यांचे डोळे खाली वळले. छत्रीच्या मोठ्या सावलीत तिची स्वतःची सावली कुठेच नव्हती.

“आणि आता तिकडे बघ.”

भेगेतला पापड फुगत होता. काळ्याचा मातकट झाला, मातकटाचा हिरवा. मिटलेली इवली इवली पानं एकेक करून उलगडत होती, कुणीतरी झोपेतून मुठी सोडावी तशी. शेवाळ! मेलेलं नव्हतंच ते. वाट बघत होतं.

“मेलेलं उठलं,” खेकडा म्हणाला.

“एवढ्याशा पाण्यात! मग विचार कर, दोन महिने पाऊस पडल्यावर काय होत असेल. ऑगस्टच्या पाच तारखेच्या सुमारास सूर्य परत याच जागी माथ्यावर येतो.” वल्लरीला बोलता बोलताच ते सुचलं आणि ती जवळजवळ नाचलीच. “आणि तेव्हा वर ढग असतात, ढग! ढग म्हणजे आभाळभर उघडलेली छत्री! दिवसभर कुणाचीच सावली पडत नाही!”

पाहुणीनं तिच्याकडे पाहिलं. मग छत्रीचा दांडा एकदम हलका झाला, जणू खाली कुणी नव्हतंच. आणि कुणी नव्हतंच.

“तापमान एकोणचाळीस,” खेकडा म्हणाला.

*

आबा हसले नाहीत. त्यांनी खेकड्यानं काढलेला फोटो निरखून पाहिला. फोटोत वल्लरी रिकाम्या हवेवर छत्री धरून उभी होती. “ऑगस्टला येशील?” त्यांनी एवढंच विचारलं.

शाळेतल्या रजेच्या अर्जात वल्लरीनं लिहिलं, ‘आजोबांच्या शास्त्रीय प्रयोगास मदत.’ खोटं काय होतं त्यात?

ऑगस्टच्या पाच तारखेला सडा ओळखू येत नव्हता. पायाशी पांढरी गेंदाची फुलं, मध्येच जांभळी सीतेची आसवं, आणि चिकट थेंबांनी किडे पकडणारं लालसर दवबिंदूचं रोप. सगळीकडे धुकं. आबा काठी टेकत, धापा टाकत वर आले होते. “खरा बहर अजून दोन-तीन आठवड्यांनी,” ते म्हणाले. “पण सड्याला जाग येताना बघायचं, तर हीच वेळ.”

धुक्यात कुणीच दिसत नव्हतं. फक्त फुलांमधून वाऱ्याविना काहीतरी सरकत होतं. दवबिंदूपाशी थबकत होतं. पुढे जात होतं. एकही फूल मोडत नव्हतं. वल्लरीनं आबांचा हात घट्ट धरला. दुपार झाली, खरे बारा वाजून गेले, एक वाजला, दोन वाजले. पाहुणी आणि तिची पिल्लं गेली नाहीत. ढगांची छत्री होती ना!

आणि अडीचच्या सुमाराला धुकं फाटलं. उन्हाची एक तिरीप सड्यावर पडली.

आता पळतील! आता किंचाळतील!

“काळं,” खेकडा अगदी हळू म्हणाला. मग थोड्या वेळानं, वेगळ्याच, बारीक आवाजात, “हे आपलंच आहे? मी पाय उचलला, की तेही उचलतं.”

“आपलंच,” वल्लरी म्हणाली. “नाचून बघ.”

खेकड्यानं फोटो काढला. आबांच्या भिंतीवर आता तो तिसरा लावलाय. फुलांनी भरलेला सडा, त्यावर कुणीही नाही, आणि फुलांवर एक उंच आणि चाळीस छोट्या छोट्या सावल्या. छोट्यांतल्या एकीचे दोन्ही पाय हवेत आहेत.

खाली आबांनी नेहमीची ओळ लिहिली, ‘आपला सडा. जागा तीच.’ वल्लरीनं पेन हिसकावून घेतलं आणि पुढे लिहिलं, ‘वेळ सड्याला विचारून.’

रखमाकाकी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. मग पदरानं काच पुसत म्हणाली, “पोरं आनली व्हय तिनं? मंग फुडच्या सालाला खाऊ ठेवाया होवा.”