म्हशीच्या मोलाचं पिकप

गुरुवारी दुपारी तीनला पाच कमी होते. मोटारीची वीज तीनला यायची म्हणून घड्याळ माझ्या बाजेसमोरच टांगलेलं होतं. त्यामुळं वेळ पक्की ध्यानात आहे.

दुष्काळाचं साल होतं. माझं माहेर आटपाडीकडं, तिथं प्यायला पाणी नाही, म्हणून पहिलं बाळंतपण कुंडलला सासरीच झालं. लेकीचं अजून बारसं व्हायचं होतं. माझं दूध तिला पुरत नव्हतं. म्हशीचं दूध पाणी घालून पाजायचो. त्या दिवशी सकाळपासून गोठा मोकळा होता. आमचे मालक म्हैस घेऊन बाजाराला गेले होते.

मालक सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. चार जाड तारांची गिटार. त्या तारांखाली पिकप बसतं. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक, मेणात बुडवलेली तांब्याची तार. वरच्या तारेची थरथर ते धरतं आणि स्पीकरच्या खोक्यात धाडतं. मालक आले ते असलं एक काळं पिकप रुमालात बांधून. एका कोपऱ्याचा टवका उडालेला.

“म्हस दिलीस आन ही साबणाची वडी आणलीस व्हय रं?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, असलं उभ्या जिल्ह्यात न्हाई. परदेशी हाय. मिरजेचा माणूस म्हशीच्या खाली बोलंना.”

मऊ फडक्यानं त्यांनी ते पुसलं, उजेडाला धरून निरखलं. लेकीला एवढं कधी निरखलं नव्हतं. सवतीचा हेवा कुणालाही कळतो. मी या वडीचा हेवा सांगू तरी कुणाला?

वीज आली. त्यांनी ते गिटारीत बसवून तार छेडली. विहिरीत घागर बुडावी तसा आवाज आला आणि माझ्या छातीशी रडणारी लेक गप्प झाली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

गिटार भिंतीला टेकवून मालक पाय धुवायला गेले, सासूबाई शेगडीला गोवऱ्या आणायला. खोका नुसता घुमत होता. खोलीत मेण वितळल्याचा वास सुटला. मग त्या घुमण्यातून कुणी बाई गुणगुणायला लागली… अगदी हळू, मांडीवर लेकरू असल्यावर गुणगुणतात तशी. मी तारांकडं बघितलं. एकही हलत नव्हती.

गुणगुणणं थांबलं. तिनं हाक मारली.

ते नाव मी मनात ठरवलं होतं. मालकांनासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि लेकीनं, जिनं अजून मान धरली नव्हती तिनं, मान वळवून तिकडं बघितलं.

मी ओरडले. सगळं ऐकल्यावर मालकांचा चेहरा उतरला.

“पिकपातली मूळची तांब्याची तार जळाली हुती… त्या माणसाच्या बायकोनं नव्यानं गुंडाळली. पोटुशी हुती तवा. फुडं ती आन लेकरू, दोघं बी…”

सासूबाई खाली बसल्या. बारशाआधी नाव कुणी उच्चारू नये, जो पहिलं घेतो त्याचा हक्क लागतो, असं आमच्यात मानतात. त्यांनी ठरवलं, बारशाला दुसरंच नाव, दगडाधोंड्याचं. नणंद राहीबाईनं लेकीच्या कानात सांगितलं, दगडाबाई.

पिकप साताऱ्याकडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं घेतलं, आमच्यापेक्षा जास्त भाव देऊन. त्या पैशात म्हैस परत आली, वर एक पारडू आलं. मालक म्हणाले, झालं ते बरंच झालं.

दगडी आता चौथ्या वर्षात आहे. मला ती वहिनी म्हणते. घरात धाकटे दीर म्हणतात, ते ऐकून म्हणत असेल, असं सगळे समजावतात. पण दुपारी वीज आली की ती खेळ टाकून त्या भिंतीकडं वळते. कालही वळली. मी दारातच होते.

“आले गं आई,” भिंतीला म्हणाली.

मिरजेपासून साताऱ्यापर्यंत कुठल्या ऑर्केस्ट्रात टवका उडालेलं काळं पिकप दिसलं तर त्याच्याजवळ तोंड न्या आणि आतल्या बाईला माझा एवढा निरोप द्या. नाव तू घेतलंस, पण पाजलं मी. आणि माझ्या लेकीचं खरं नाव तिला विचारू नका… ती सांगेल.