भीतीचा रंग पिवळा

कुरुंदा गावाच्या भूगर्भातून भूकंपाचा तो गंभीर गडगडाट पुन्हा उठला, तेव्हा चित्रकलेची शिक्षिका मंजुषा सातवीच्या लेकरांना मैदानाकडे नेत होती. तिचे हात पिवळे होते — गावच्याच हळदीचा, स्वतः कालवलेला रंग. व्हरांड्याच्या वळणावर विज्ञानाचा नवा शिक्षक बुद्धभूषण समोरून धावत आला... आणि त्याच्या शुभ्र सदऱ्यावर, हृदयापाशी, तिचा पंजा उमटला.

“क्षमा करा, सर! साबणानं निघंल.”

“साबणानं हळद लाल होते, मॅडम. एवढं विज्ञान येतं आमाला.”

धरणी शांत झाली. तिचे काळीज मात्र झाले नाही.

पुढे महिनाभर मधल्या सुटीचा चहा, ओझरते दृष्टिक्षेप... प्रेमाचा शब्द मात्र कोणीच उच्चारला नाही. आणि आता रविवारी वडील व्यंकटराव पुसेगावचे पाहुणे आणणार होते — तिला पाहायला.

शुक्रवारी तिने वर्गाला विषय दिला, “भीती काढा. घर न्हाई, माणूस न्हाई. केवळ रंग आणि आकार.”

“बाई, भुताबिगर भीती कशी दिसंल?” चांगुणाने विचारले.

“डोळे मिट. पोटात जे होतंय, त्याला रंग दे.”

कागद काळेनिळे होऊ लागले. दारातून बुद्धभूषण म्हणाला, “मलाही एक कागद द्याल?”

मागच्या बाकावर बसून त्याने तिच्या हळदीच्या रंगाने एकच पिवळा आकार रंगवला. त्यावर साबणाचे पाणी शिंपडले. कडा रक्तवर्ण झाल्या.

“ही भीती?” तिने हळूच विचारले.

“तुमचा डाग. धुवायला गेलो, तर गहिरा झाला... आता उन्हानं उडून जाईल, याचं भय वाटतं.” त्याचा स्वर खाली आला. “रविवारचं कळलं मला. पण आमच्या घरी बुद्धवंदना होते. तुमचे वडील—”

“मलाही त्यांचंच भय आहे.”

तोच पुन्हा गडगडाट! तावदाने थरथरली. “बाहेर! रांगेनं!” शेवटचे लेकरू निघेपर्यंत ती थांबली. उंबऱ्यात त्याने हात पुढे केला. तिने तो धरला.

मैदानावर आवाज विरला. अवघी शाळा पाहत होती. मुख्याध्यापकही — व्यंकटरावांचे बालमित्र.

“बाई, थांबला की आवाज!” चांगुणा खुदकन हसली. “सोडा आता सरांचा हात.”

मंजुषाने मुख्याध्यापकांकडे पाहिले. सायंकाळपर्यंत ही वार्ता घरी पोहोचणार होती...

“भीती अजून गेली न्हाई गं,” ती म्हणाली — आणि तिने तो हात अधिकच घट्ट धरला.