पुढचं पान

देवेश दुपारी अंबाडी रस्त्यावरच्या गोदामात फाटकाचा प्रोग्राम दुरुस्त करायला आला, तेव्हा पुतळाबाई डबा मांडीवर घेऊन बाहेरच बसली होती. पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई. फाटकावरच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखला की दांडा फिरायचा आणि माणूस आत जायचा. सोमवारपासून तो तिच्यासाठी फिरत नव्हता.

"मावशी, तू तो गायब हो गयी!" सुपरवायझर रघू हसला. मग देवेशच्या कानाशी म्हणाला, "आजही ड्युटी चुकली तर ठेकेदार दुसरी बाई घेणार."

"गायब कशाला होऊ? हितं आमचाच शेत होता," पुतळाबाई म्हणाली.

देवेशला चूक सापडली. मुख्य कॉम्प्युटर चेहरे पानापानाने पाठवायचा आणि देवेशचा प्रोग्राम पहिलं पान घेऊन गप्प बसायचा. नवी माणसं वर येत, जुनी दुसऱ्या पानावर ढकलली जात. त्याने प्रोग्रामला शिकवलं: पुढचं पान आहे का विचार, 'आहे' म्हणेल तोवर आणत राहा.

दांडा फिरला. पुतळाबाई आत गेली.

दांडा पुन्हा फिरला. समोर कुणीच नव्हतं.

गोदामात माणसं होती दोन पानांची. देवेशच्या लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र पानामागून पान उतरत होतं. उन्हाने रापलेले चेहरे, कुणाच्या डोक्यावर पावसातलं पानांचं इरलं... ज्यांचा कधी फोटो निघाला नसेल, असे. भर उन्हात चिखलाचा आणि नुकत्याच उपटलेल्या भातरोपांचा ओला वास दाटला. दांडा कधी झटक्यात फिरे, कधी डोक्यावर भारा असल्यासारखा जपून.

"बंद कर यार..." रघू पुटपुटला.

देवेशचं बोट बटणावर गेलं. आत पुतळाबाई भिंतीला सरकून वाट देत उभी होती. नव्या सुनेसारखा तिने डोक्यावरून पदर घेतला होता.

"नको रं बाला... मोठी मानसं हायेत. त्यांना बी भायेर ठेवशील?"

देवेशने बोट मागे घेतलं. भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्याने पायातले बूट काढले.

आणि दांडा अर्ध्यावरच थांबला. आत शिरता शिरता कुणी मागे वळून बघावं, तसा.

पुतळाबाईने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग देवेशकडे.

"बाला... तुजी आजी कंच्या गावची रं?"

हे त्याने घरी कधी विचारलंच नव्हतं.

दांडा तसाच थांबून होता.