उरलेल्या सात तारा

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी सहाला जी झुंबड उडते, तिच्यात कुठल्या म्हशीनं कुणाचं काय खावं याला काही धरबंध नसतो. तरीही हरणीनं त्या दिवशी जे तोंडात धरलं ते बघून शालन जोरात ओरडलीच.

हरणी म्हणजे तिच्या वडलांची, आण्णांची, सगळ्यात लाडकी म्हैस. आण्णा चौगुले रोज चार म्हशी घेऊन कट्ट्यावर यायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळता ग्लास हातात द्यायचे. ओळीत अगदी कडेला हरणी बांधलेली असायची. सत्याऐंशी सालचा जुलै होता, बारीक पाऊस धरून राहिला होता. इंजिनिअरिंग कॉलेजातली नोकरी आटपून शालन आण्णांच्या मदतीला आली, काखेतलं ड्रॉइंगच्या प्लॅस्टिक फिल्मचं भेंडोळं तिनं घटकाभर कट्ट्यावर टेकवलं आणि पदर खोचला. तेवढ्यात हरणीनं त्याचं टोक चघळायला घेतलं. तीन आठवडे डोळे फोडून काढलेलं ड्रॉइंग होतं ते.

"वो पावणं, धरा की ते," ती ओरडली.

ग्लास घेऊन उभ्या असलेल्या एका उंच, चष्मेवाल्या पोरानं भेंडोळं खेचून काढलं. निम्मं दूध त्याच्या शर्टावर सांडलं. फिल्म चिवट, ती काही फाटली नाही, पण एका कोपऱ्यावर हरणीच्या दातांची नक्षी कायमची उमटली. किती नुकसान झालं ते बघायला त्यानं भेंडोळं उलगडलं आणि… बघतच राहिला.

"बघून झालं असलं तर द्या हिकडं."

"ही निळी तार उगंच वळसा घालून गेलीया. हितनं सरळ गेली असती."

"पावणं, तो गावाचा नकाशा न्हाय. चिपचं ड्रॉइंग हाय. तुमाला कळायचं न्हाय."

"असंल," तो म्हणाला. उरलेलं दूध त्यानं एरंडेल प्यावं तसं तोंड करून संपवलं. "पण वळसा हाय तो हायच की."

घरी जाऊन शालननं दिव्याखाली फिल्म पसरली. वळसा होताच. तिनं तो खोडला, तार सरळ केली आणि त्या चष्मेवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पाऊल टाकते तो काय, तोच चष्मेवाला, शर्ट बदलून उभा.

"हे कृष्णात मगदूम," लॅबचे प्रमुख सर म्हणाले. "आपल्या कागलचे. मुंबईला शिकून आलेत. आता चिपची मांडणी यांचा प्रोग्रॅम करणार."

प्रकरण असं होतं. दुधातलं फॅट मोजायच्या यंत्रासाठी बंगळूरच्या एका कंपनीला छोटी चिप हवी होती, आणि तिचा आराखडा काढायचं काम कॉलेजकडं आलं होतं. चिपमध्ये दोनशे सेल. सेल म्हणजे एकसारख्या उंचीची घरंच समजा. ती ओळींत बसवायची, दोन ओळींमध्ये गल्ली सोडायची आणि घराघरांना जोडणाऱ्या तारा त्या गल्लीतनं न्यायच्या. आडव्या तारा एका थरात, उभ्या दुसऱ्या. एकाच थरात दोन तारा एकमेकींना चिकटल्या की चिप बाद. आजवर हे सगळं शालन हातानं करत होती, रंगीत पेन्सिली घेऊन, चारशेपट मोठ्या ड्रॉइंगवर. आयटीआयचा कोर्स केलेली, उद्यमनगरातल्या कारखान्यांत दोन वर्षं घासलेली पोरगी. तिची रेघ बघायला सर दुसऱ्या डिपार्टमेंटच्या लोकांना बोलावून आणायचे.

आता तेच काम कॉम्प्युटर, म्हणजे लॅबच्या भाषेत मशीन, करणार होतं. कुठला सेल कुठं बसवायचा आणि कुठली तार कुठनं न्यायची, सगळं.

शालनची नोकरी काम असेपर्यंतची. आणि आण्णांशी तिचा करार झालेला होता: नोकरी आहे तोवर लग्नाचं नाव काढायचं नाही. वारणानगरच्या साखर कारखान्यातल्या एका कारकुनाचं स्थळ दिवाळीपर्यंत वाट बघत थांबलं होतं. म्हणजे मशीन चाललं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की शालन वारणानगरला, न बघितलेल्या माणसाचे डबे भरायला. त्यामुळं त्या हिरव्या अक्षरांच्या पडद्याकडं ती सवतीकडं बघावं तशी बघायची.

पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला तेव्हा साठ तारा जोडायच्या राहिल्या.

"साठ राहिल्या? अरेरे," शालन म्हणाली.

"हसताय का रडताय?"

"डोळ्यात कायतरी गेलंय."

मग कृष्णातनं दुरुस्त्या केल्या. साठाच्या एकेचाळीस झाल्या, एकोणीस झाल्या, मग सात. आणि सातावर गाडं अडलं ते अडलंच. कंपनी दर थोड्या दिवसांनी सर्किटात काही ना काही बदल पाठवायची, सगळी मांडणी नव्यानं व्हायची, आणि दर वेळी बरोबर सात तारा उरायच्या. त्या शालननं हातानं बसवायच्या आणि तिनं काढलेली वाट कृष्णातनं शेजारी बसून लिहून घ्यायची. सात तर तारा… पण पाच वाजायचेच. खिडकीबाहेर पावसाची झिमझिम चालू असायची आणि तो मान खाली घालून तिच्या पेन्सिलींना टोक करत बसायचा.

"एवढं टोक नको काढायला. फिल्म फाटंल."

"हरणीनं चावून फाटली न्हाय ती."

ती हसायची नाही. निदान दिसेल असं तरी नाही. एकदा तिनंच विचारलं, "तुमचं मशीन तीन-तीन तास नेमकं काय करतंय वो?"

"एक सेल उचलतंय, दुसरीकडं ठेवून बघतंय. तारांची लांबी कमी झाली तर तिथंच राहू देतंय. ज्या दोघांत तारा जास्त, ते हळूहळू जवळ येत्यात…" तो हे पेन्सिलीलाच सांगत होता.

"आणि न्हाय आले तर?"

"तर परत उचलतंय. दमत न्हाय ते."

शालनची निळी तार तांबडीच्या अंगावर गेली. खोडरबर शोधता शोधता तिचे कान तापले.

संध्याकाळी तो कट्ट्यावर हजर असायचाच. आण्णा ग्लास भरायचे, तो एरंडेलाचं तोंड करून प्यायचा आणि काहीतरी बोलायला म्हणून थांबायचा. मग आण्णा दुसरा भरायचे.

"पावण्यास्नी दूध मानवलंय," आण्णा म्हणायचे. शालन हरणीच्या पाठीवर उगंच हात फिरवत राहायची. आता घरी जाताना तिला वारणानगरची भीती वाटायचीच, पण तिच्या जोडीला आणखीही काहीतरी वाटायचं. ते काय आहे ते तिला चांगलं कळत होतं.

ऑगस्टच्या शेवटाला कंपनीचा शेवटचा बदल आला, वीस सेल वाढले. शुक्रवारी आराखडा टपालात पडायलाच हवा होता. कृष्णात दोन दिवस गावी गेला होता, म्हणून लॅबचे जुने मदतनीस दस्तगीरचाचा मशीनसमोर बसले. फ्लॉपी कुठली घालायची ते कृष्णातनं त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलं होतं.

"आणि हे विचारतंय बघ पोरी," चाचा पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "किती तारा सोडायच्या? साहेब रोज सात घालत्यात. चिठ्ठीतबी सातच हाय."

शालन जागच्या जागी थिजली. एवढ्या आठवड्यांत तिला वाटून गेलं होतं, की उरलेल्या तारांसमोर रिकामी गल्ली कशी असते? एवढी सरळ वाट मशीनला दिसत कशी नाही?

"शून्य घाला, चाचा."

तीन तासांनी प्लॉटरच्या पेनानं ड्रॉइंग पुरं केलं. एकही तार उरली नव्हती. चाचांनी चहा पुढं केला, तो तिनं तसाच बाजूला सारला. मशीन कधीचंच पास झालं होतं. तिची गरज संपून महिना झाला होता आणि तिला पत्ता नव्हता.

बुधवारी सकाळी कृष्णात आला तेव्हा ती उभीच होती. "सात का?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. त्याला सगळं समजलं.

"दया केलासा व्हय? म्हसरंवाल्याची पोरगी, नोकरी जाईल हिची, म्हणून तुकडा टाकलासा?"

"दया न्हाय," तो म्हणाला. "शून्य घातलं असतं तर तुमी माझ्या टेबलाशेजारी कशाला बसला असता? मला दुसरं काय सुचलंच न्हाय."

"तोंड हाय की. सांगायचं हुतं."

"रोज सांगायलाच येतोय कट्ट्यावर. मी तोंड उघडलं की आण्णा ग्लास देत्यात."

दुसरी वेळ असती तर ती पोट धरून हसली असती. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हात हायेत मला. काम द्यायचं तर खरं द्या. खोट्या कामावर मी राहत न्हाय. आजच सरांना सांगतो आणि जातो." कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, 'सांगतो', 'जातो', आणि बोललेलं करतात.

सर मात्र स्वतःच आत आले, हातात पट्टी आणि चाचांनी काढलेलं ड्रॉइंग. "मगदूम, दोन तारांइतकी उंची जास्त भरतेय. कंपनीनं दिलेल्या जागेत ही चिप मावणार नाही."

कृष्णातनं पुन्हा प्रोग्रॅम चालवला. दुपारी परत तेच. "तारांची लांबी याच्यापेक्षा कमी होतच न्हाय सर," तो हताश होऊन म्हणाला. "मशीननं लाखभर वेळा सेल हलवून बघितलेत."

शालन जायला निघाली होती, पर्स खांद्याला लावलेली होती. पण समोर ड्रॉइंग पसरलेलं असताना तिची नजर तिकडं न जाणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या गल्लीत मधोमध तारांची नुसती चेंगराचेंगरी होती, आणि त्यांना जागा द्यायला ती गल्ली फुगली होती. तिथं एकच रुंद सेल बसला होता, आणि सगळ्यांना त्याच्याकडंच जायचं होतं.

"ही हरणी हाय," ती म्हणाली.

"काय?" सरांना काही कळेना.

"आमच्या कट्ट्यावर ज्याला त्याला हरणीचंच दूध पाहिजे. आण्णा आधी तिला मधी बांधायचे. तिच्याभोवती अशी गर्दी व्हायची, की बाकीच्या तीन म्हशींकडं जायला वाटच राहायची न्हाय. आता कडेला बांधतात. लोकं चार पावलं जास्त चालतात, पण कट्टा तुंबत न्हाय." तिनं त्या सेलवर पेन्सिल टेकवली. "ह्याला ओळीच्या टोकाला न्या."

"लांबी वाढंल की," कृष्णात म्हणाला.

"वाढू दे. लांबीनं उंची वाढती व्हय? उंची दाटीनं वाढलीया."

तो एकदम खुर्ची ओढून बसला. त्यानं तो सेल टोकाला पक्का केला आणि बाकीच्यांची मांडणी मशीनवर सोडली. तीन तास मशीन सेल हलवत राहिलं. किती तारा सोडायच्या असं पडद्यानं विचारलं तेव्हा त्यानं शून्य घातलं होतं, आणि ते तिला दिसेल असं बाजूला सरकून घातलं होतं.

प्लॉटर थांबला. सरांनी पट्टी लावली, चष्मा पुसला, परत लावली. जागेत बसून वर एका तारेची जागा शिल्लक होती.

"कुणाला सुचलं हे?"

"मॅडमना. मशीनला न्हाय आणि मलाबी न्हाय. दाटी मोजायचं मी प्रोग्रॅममध्ये घालतो सर, पण दाटी बघायची कशी ते ह्यांनीच शिकवायला पाहिजे."

सरांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, पुढच्या दोन चिप येतायत, मांडणी आधी शालन चौगुले बघणार, दोन वर्षांची ऑर्डर काढतो. शालननं खांद्यावरची पर्स काढून खुंटीला अडकवली.

शुक्रवारी आराखडा टपालात पडला. संध्याकाळी कट्ट्यावर आण्णांनी ग्लास भरून पुढं केला, तर कृष्णातनं तो तसाच कट्ट्यावर ठेवला.

"आण्णा, आज दूध नको. बोलायचं हाय."

"बोला की. दूध आवडत न्हाय हे मला पयल्या दिवशीच कळलंय," आण्णा धार काढता काढता म्हणाले. "दीड महिना वाट बघायलोय, पावणं कवा तोंड उघडत्यात."

कृष्णातनं सांगितलं. अडखळत, चष्मा काढून, परत घालून… पण पुरतं सांगितलं, घर, शेती, पगार, आणि शालन आवडते हेसुद्धा. नोकरी तिनं सोडायची नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं.

"शाले," आण्णांनी मान न वळवता विचारलं, "वारणानगरला काय कळवू?"

"न्हाय म्हणून कळवा." तिनं हरणीचं दावं उगंच सोडलं आणि परत बांधलं.

मग ती त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली. पाऊस उघडला होता, रस्ता ओला होता.

"राग गेला?"

"न्हाय. अजून आठ दिवस तरी राहील." तिनं वाटेतलं डबकं ओलांडलं. "पण एक सांगतो. त्या सात तारा… अर्ध्या तासाचं काम हुतं ते."

तो थांबला. "पाच वाजायचे की रोज."

"वाजवत हुतो मीच."

कृष्णात भर रस्त्यात उभा राहून हसायला लागला, आणि मग तिलाही आवरेना. मागनं आण्णांची हाक आली, "पावणं, ग्लास तसाच ठेवलासा की." तो परत गेला, ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. या वेळी त्यानं तोंड वाकडं केलं नाही.