कणकेच्या गोळ्या

"कणीक घट्ट मळ, हरिप्रिये. पाण्यात पडल्या पडल्या विरघळता कामा नये. आणि गोळी एवढीच कर... माशाच्या तोंडात मावेल एवढी. मोठी झाली तर ती घाईची गोळी, देवाची नव्हे."

रोज पहाटे परातीत पाणी ओतताना सकूअत्याचा हा आवाज माझ्या कानात येतो. अत्या शेजारच्या खोलीत झोपलेली असते, तरी येतो. लहानपणी तंजावरला तिनं मला हे व्रत दिलं. अंघोळ करायची, तुळशीला पाणी घालायचं, एकेक नाव घेत एकेक गोळी वळायची. माशांना घातल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही.

तंजावरला घरामागेच तळं होतं. मला शाळेत नोकरी लागली आणि आम्ही दोघी चेन्नईत, तिरुवल्लिकेणीत आलो. इथं कोविलपुढं, म्हणजे देवळापुढं, एवढं मोठं तळं आहे, पण त्यात मासे नाहीत. त्यांनी कुण्या ऋषीचं ध्यान मोडलं आणि शाप घेतला, असं लोक सांगतात. म्हणून मी पहिली बस धरून पट्टिनपाक्कमला जाते. अड्यार नदी तिथं समुद्राला मिळते. पलीकडं मोडक्या पुलापाशी गळ टाकणाऱ्यांची रांग असते. त्या बाजूला मी कधी पाहत नसे.

त्या दिवशी नुकतीच भुरभुर थांबली होती. माझ्या नेहमीच्या दगडावर कुणीतरी उकिडवं बसलं होतं. हातात ताटली, ताटलीत पांढरा चिखल झालेली कणीक, आणि तो चक्क तिला रागावत होता –

"अगे, बस की नीट! काय करूलीस?"

अशी मराठी आमच्या तंजावरकडच्या घरांतच ऐकू येते. मला हसू आवरेना.

"पाणी जास्त झालंय," मी म्हणाले.

तो दचकला. "तुम्ही... मराठी?"

"कणकेला मराठीत रागावलात, म्हणून मराठीत सांगितलं. मैदा आहे ना हा?"

"हो. वेंकट सार म्हणाले, मैदाच घे."

"मैदा नको. गव्हाचं पीठ घ्या. कोमट पाण्यात मळा, चिमूटभर गूळ घाला, आणि ओल्या फडक्याखाली ठेवा."

"गूळ? त्यांना गोड आवडतं?"

"आवडत असणार. माझी एक गोळी परत येत नाही."

"एकही नाही?" त्याचे डोळे मोठे झाले. तपकिरी होते, पापण्यांवर पावसाचा एक थेंब. "आणि... रोज किती येतात?"

"मोजत नाही मी. देवाचं काम, मोजायचं कशाला?"

"वेंकट सार तर एक आला तरी फोटो काढतात!"

"अय्यो, फोटो नको. दृष्ट लागते."

"कुणाकडून शिकलात?"

"अत्याकडून. आमच्या घरातल्या सगळ्याच बायका करतात."

तो दगडावर मट्कन बसून माझ्याकडं बघतच राहिला. असा आदर मला शाळेतल्या मुलांनीही कधी दिला नव्हता! एकटा पुरुष, पहाटे उठून, न जमणारी कणीक मळतोय... किती भाविक, मला वाटलं. मी डब्यातल्या चार गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. बोटं किंचित लागली. "आज या घ्या. उद्या मात्र स्वतःच्या करा."

मी पुढं जाऊन डोळे मिटले, नावं घेत गोळ्या सोडल्या. शेवटची सोडली आणि मागून त्याच्या त्या वेंकट सारांची आरोळी आली –

"पिडिच्चिट्टान!" पकडला!

मी वळून पाहिलं. दगडाआड आडवी ठेवलेली काठी आता त्याच्या हातात वाकली होती. दोरीच्या टोकाला एक चंदेरी मासा तडफडत होता.

"तुमची गोळी!" त्याचा चेहरा नुसता उजळला होता. "पहिल्याच फेकीला!"

मी डबा घट्ट धरला. कसंबसं म्हणाले, "त्या गोळीवर मी नाव घेतलंय."

"कुणाचं?"

"देवाचं."

त्यानं माझ्या ओल्या केसांकडं पाहिलं, डब्यातल्या तुळशीच्या पानाकडं पाहिलं. मग तो पाण्यात गुडघ्यावर बसला. हात ओले केले, हळूहळू गळ सोडवला, आणि माशाला पाण्यातच धरून राहिला... शेपटी हलेपर्यंत.

"गेला," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हीसुद्धा गळ टाकता..."

"आणि मला वाटलं, तुम्हीसुद्धा..."

"इतका मोठा मडवई मासा सोडला!" वेंकट सार कपाळावर हात मारत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, इथल्या सगळ्यांचे बिनपगारी सल्लागार. "काय रे, डोकं फिरलं काय तुझं?"

त्या दिवशी मला घास गेला नाही. खायला म्हणून दिलेली गोळी आमिष झाली, हे सारखं मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं उभा होता.

"काल जेवलात?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला. "मीही नाही."

"तुम्ही कशाला?"

"अम्मानं मासे केले होते. ताटातला प्रत्येक मासा तुमच्यासारखा बघत होता."

मी हसू दाबलं, पण त्याला ते दिसलंच. मग मी म्हणाले, "तुम्ही गळ टाकू नका, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरचं ते तुमचं. माझी कणीक तेवढी त्यात नको."

"नाही येणार. मी कोळंबी लावतो, पुलापलीकडे, तुम्ही गेल्यावर." मग माझ्या डब्याकडं बघत – "एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा."

"तुम्ही ओहोटीतही मधल्या धारेत टाकता. गोळ्या सरळ समुद्रात जातात. आत्ता भरती चढतेय, या दगडांच्या आड टाकून बघा."

"मग इतके दिवस माझ्या गोळ्या..."

"समुद्रानं खाल्ल्या."

"देवानंच खाल्ल्या म्हणायच्या," मी म्हणाले. पण दगडांच्या आड गेले. पहिली गोळी पडली आणि पाण्याला तोंडंच तोंडं फुटली. चेन्नईत आल्यापासून इतके मासे मी पहिल्यांदा पाहत होते. मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. वर पाहिलं, तर तो माशांकडं पाहतच नव्हता.

त्याचं नाव जनकोजी. सिरुसेरीत कंपनीत होता.

"तिथं सगळे मला जॉन म्हणतात," तो एकदा म्हणाला. "मॅनेजरची जीभ वळत नाही."

"माझी वळते. जनकोजी."

त्याच्या हातातल्या दोरीचा गुंता झाला.

"परत म्हणा ना."

"कशाला?"

"ऑफिसात दिवसभर पुरवायचंय."

वेंकट सारांनी मलाही त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं, भरतीच्या वेळा कळाव्यात म्हणून. 'अड्यार मडवई' नावाच्या त्या ग्रुपमध्ये मासे न खाणारी मी एकटी. कुणीही अनोळखी माणूस काहीही विचारायचा – दोरी कुठली, शिसं किती, वारा कुठून – आणि दहाजण दहा उत्तरं द्यायचे. "पाप्पा, गूळ किती घालतेस?" वेंकट सार रोज विचारायचे; पाप्पा म्हणजे पोरी. मी रोज हात जोडलेलं चित्र पाठवायची.

डब्यातल्या शेवटच्या दोन गोळ्या आता जनकोजी टाकायचा, हात धुऊन, नाव घेऊन. त्याच्या हातून गोळी सुटताना बघितली की मला बरं वाटायचं... आणि बसमध्ये बसल्यावर भीती वाटायची. मासे शिजणाऱ्या घरात माझं हे व्रत कुठं ठेवायचं? आणि व्रत सोडलं, तर मी कोण उरते?

मार्गळीत, म्हणजे ऐन थंडीच्या महिन्यात, मला ताप आला. पाय जमिनीवर ठरेनात. ग्रुपवर लिहिलं, 'ताप आहे, येत नाही.' लगेच सल्ल्यांचा पाऊस – मिरीचं रसम, निलवेंबूचा काढा, डोक्यावर ओलं फडकं. जनकोजीनं मात्र वेगळा निरोप पाठवून एवढंच विचारलं, 'घर कुठं?'

मी पत्ता पाठवला. डॉक्टर म्हणाले होते, खाऊन औषधाच्या गोळ्या घ्या. पण माशांना घातल्याशिवाय मी खाणार कशी?

"व्रत दुसऱ्याच्या हातून चालतं गो," अत्या कांजीची वाटी घेऊन बसली होती. "पण हात घरच्याचा हवा. माझे गुडघे असे... आणि तिसरं आहे कोण घरात?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात जनकोजी, दोन्ही हातांत शहाळी.

"कोण तू?" अत्यानं विचारलं.

"जनकोजी. मी तिथं... नदीवर..."

"मासे धरतोस. ठाऊक आहे. हिनं नाही सांगितलं, पण हल्ली कणीक थोडी जास्त मळते, आणि मळताना गुणगुणते." अत्यानं त्याला बसायला सांगितलं, आणि व्रताची सगळी अडचण सांगून टाकली.

जनकोजीनं शहाळी खाली ठेवली. मग अगदी हळू विचारलं, "घरचा म्हणजे... कोण कोण चालतं, अत्या?"

"भाऊ चालतो."

"भाऊ नको!" तो इतक्या घाईनं म्हणाला, की मला तापातही हसू आलं.

"मुलगा चालतो."

"ते... नंतरचं झालं."

"नवरा चालतो," अत्या वरच्या पंख्याकडं बघत म्हणाली.

 तो माझ्याकडं वळला. कान लाल झाले होते.

"हरिप्रिया... चालेल?"

"तुमच्या घरी?"

"अम्माशी बोललोय. कधीच. ती म्हणते, तुझी भांडी वेगळी, तुझी चूल वेगळी, आणि देवघर तू म्हणशील तिथं. मला गळ आवडतो, खोटं कशाला सांगू? पण ज्या दिवशी तुझी गोळी माझ्या हातात असेल, त्या दिवशी गळ घरी. शब्द देतो."

"व्रत रोजचं आहे," मी म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

 मी मान डोलावली, हो म्हणून. अत्यानं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खेकसली, "नुसतं बसून काय होतंय? उद्या अंघोळ करून ये. कणीक मी मळते."

पहाटे तो आला. अत्यानं दारातच विचारलं, "अंघोळ?"

"झाली, अत्या."

मी उशीला टेकून गोळ्या वळल्या होत्या, एकेका नावाला एकेक. शेवटच्या दोन त्यानं माझ्यासमोर बसून वळल्या, वाकड्यातिकड्या, पण घट्ट. डबा दोन्ही हातांनी घेतला. "भरती चढतेय," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला.

कांजीची वाटी झाकून मी खिडकीशी सरकले. गल्लीत बायका दारोदारी रांगोळीचे कोलम काढत होत्या. जनकोजी प्रत्येक कोलम चुकवत, कडेकडेनं बसथांब्याकडं निघाला होता. डबा छातीशी धरलेला, आणि उजवा खांदा गळाची काठी वाहायच्या सवयीनं अजून थोडा उचललेला... काठी नसलेला.