भरलेला तांब्या

इचलकरंजीतल्या त्या जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये रविवारी सकाळी माणसं हात ताठ पुढे करून रांगेत उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता. माग कधीच भंगारात गेले. आता तिथं दहा मीटरवर कागदी लक्ष्यं टांगलेली असत आणि गावातले हौशी नेमबाज त्यांवर हवेची पिस्तुलं चालवत. बिरनाळे सरांचा नियम होता, पिस्तुलाआधी तांब्या. ज्याचं पाणी सांडेल त्यानं सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे.

पूर्वी कपांना गिऱ्हाईक हमखास मिळे. स्थिरलेप आल्यापासून कुणाचं पाणी सांडेचना. म्हातारे सर स्वतःच कप विसळू लागले.

लेप दिसत नसे. खांद्यापासून मनगटापर्यंत ब्रशनं लावायचा, वाळला की तो कातडीत मुरे आणि महिनाभर टिके. माणसाचा हात कितीही घट्ट धरला तरी सेकंदाला आठ-दहा वेळा कापतोच. लेपातले केसाहून बारीक धागे तो कंप ओळखत आणि स्नायूला उलट्या बाजूनं विजेचा हलकासा चिमटा काढत. कंप तिथल्या तिथं मरे. ज्यांनी जन्मात एक जोर मारला नव्हता ते पुतळ्यासारखे उभे राहू लागले, आणि वर त्याला सराव म्हणू लागले.

कुमुदिनी मगदूमला या लोकांचा मनापासून संताप येई. ती दातांची डॉक्टर. रुग्णांच्या तोंडात वाकून वाकून चाळिशीत तिचा खांदा जखडला, तेव्हा ती व्यायामासाठी सरांकडे आली आणि पिस्तुलासाठी राहिली. सरांनी पहिलं वर्षभर तिला पिस्तुलाला हात लावू दिला नव्हता. पोट आणि पाठ आधी, म्हणायचे. कोपरांवर अंग तोलून फळीसारखं पडून राहायचं, एका पायावर डोळे मिटून उभं राहायचं, रबरी पट्टे ओढायचे. किलोभराचं पिस्तूल तासभर उचलत राहायचं तर खांदा एकटा काय करणार? खालचं सगळं अंग त्याच्यामागे उभं राहायला हवं. अकरा वर्षं तिनं ते अंग घडवलं होतं.

आज क्लबची पहिलीच मोकळ्या हाताची स्पर्धा होती. लेप लावलेल्यांना तिथं मज्जाव. डोळ्यांना लेप दिसत नाही म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर कंपपट्टी बांधली होती. लेप लावलेल्या सगळ्या हातांत उरलासुरला कंप एकाच तऱ्हेचा असतो, तो पट्टी ओळखे. लेप बनवणारी कंपनीच ही पट्टीही विकत होती. चोराला शिडी द्यायची आणि घरमालकाला कुलूप, असा तो धंदा होता.

कुमुदिनीची शेवटची गोळी लक्ष्याच्या मध्यात बसली. त्याच क्षणी तिच्या मनगटावर लाल दिवा लागला.

"लेप आढळला," कंपनीचा तपासनीस म्हणाला. पुण्याहून आलेला, केळशीकर नावाचा तरुण. "सॉरी मॅडम. नियमाप्रमाणे तुम्हाला कायमची बंदी."

शेडमधल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. त्यांतले निम्मे तिचे रुग्ण होते. उद्या हेच लोक तिच्या खुर्चीत तोंड उघडून बसणार आणि मनात म्हणणार, बाई खोटी निघाली.

"काय बोलायलाय ओ तुम्ही!" बिरनाळे सर उसळले. "अकरा वर्षं बघायलोय मी ह्यांना. ह्यांच्या हाताला लेप?"

"यंत्र चुकत नाही सर. यांचा कंप लेपाच्या कंपाशी तंतोतंत जुळतोय."

"जुळंल की! पण लेपाला तो कंप मिळाला कुठनं?"

केळशीकरनं मोबाइलवर नोंद उघडली. "एका मूळ नमुन्यावरून. खूप माणसं मोजली, त्यांतला सगळ्यात स्थिर हात निवडला. लेप प्रत्येक हात त्याच्यासारखा करतो. नाव आमच्याकडे नसतं. इथलीच नोंद आहे, तीन वर्षांपूर्वीची."

कुमुदिनीला आठवलं. तीन वर्षांपूर्वी दोन मुली याच शेडमध्ये मनगटाच्या अशाच पट्ट्या घेऊन आल्या होत्या. खांदेदुखीवर संशोधन करतोय म्हणाल्या. मोबाइलवर 'हो' दाबायला सांगितलं, तिनं दाबलं. स्वतःचा खांदा आठवून तिनं दोन महिने पट्टी बांधून तांब्या धरला होता. सरांनी त्या मुलींना कौतुकानं पेढे दिले होते.

ती केळशीकरकडे वळली. "म्हणजे माझाच हात तुम्ही बाटलीत भरून विकलात. आणि आता मी त्याची नक्कल करते म्हणताय? लाज वाटत नाही?"

"मॅडम, मी फक्त तपासायला आलोय. तुमचा हात मोकळा आहे याचा पुरावा हवा."

"पुरावा!" ती ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती त्या शेडमध्ये कधीच बोलली नव्हती.

सर शांतपणे आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. "तुमच्या जाहिरातीतच हाय न्हवं, हात शेवटपर्यंत कापणार नाही म्हणून? बरोबर हाय ते. मी बघितलंय. लेपाचा हात कापत नाही, ताकद संपली की एकदम खाली पडतो. माणसाचा आधी कापतो, मग पडतो. धरा ताई."

केळशीकरनं मान हलवली. त्यालाही ते मान्य होतं.

कुमुदिनीनं तांब्या धरला. आजवर तिनं पाणी सांडू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं, आज ते सांडायला हवं होतं. आणि सांडतच नव्हतं. पाय जमिनीत रोवलेले, पोट आवळलेलं, पाठ सरळ. रागानं आतून ती नखशिखान्त थरथरत होती आणि पाण्यावर साधी रेघसुद्धा उठत नव्हती.

"लेपच दिसतोय," मागून कुणीतरी पुटपुटलं. ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या हातावर अकरा वर्षं घातली तोच आज तिच्याविरुद्ध साक्ष देत होता. काप की मेल्या, ती मनात म्हणाली.

बऱ्याच वेळानं खांद्यात आग पेटली. ती दंडात उतरली, कोपरात आली. तांब्यात एक बारीक वर्तुळ उठलं, विरलं, पुन्हा उठलं. मग पाणी काठावर आपटू लागलं आणि तिच्या पावलांवर सांडलं. हात पडला तो नंतर.

टाळ्या झाल्या. "मोकळा हात," केळशीकर सुटल्यासारखा म्हणाला. "बंदी रद्द." सरांनी डोळे पुसले.

कुमुदिनीनं टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. पाणी तिचं सांडलं होतं. ती नळाशी गेली आणि कप विसळू लागली. हात अजून कापत होता, कपावर कप किणकिणत होते. तेवढ्यात तिची नजर मनगटावर गेली. पट्टीवर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"हे चालू होतं?" तिनं विचारलं. "मघापासून?"

"पट्टी चालूच असते मॅडम," केळशीकर म्हणाला. "सगळं आपोआप कंपनीत जातं."

"माझा थकवाही?"

तिनं पट्टी ओरबाडून काढली आणि साबणाच्या पाण्यात फेकली. पण जे जायचं ते गेलं होतं.

"म्हणजे पुढच्या वर्षी तुमचा लेप थकल्यावर कापायलाही शिकलेला असेल," ती म्हणाली. ओला, थरथरता हात तिनं त्याच्यासमोर धरला. "मग हा माझा आहे, हे मी कशावरून दाखवायचं?"