सात नंबर

शनिवारी आमच्या ऑफिसची पावसाळी सहल होती. गावाबाहेरची शेड, चुलीवरचं जेवण, गाणाऱ्यांचा ग्रुप. एक माइक कमी पडत होता, म्हणून आदल्या रात्री घरची जेवणं उरकून ताई आणि मी मामांकडे गेलो. मामा ॲम्प, माइक, स्पीकर दुरुस्त करतात. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. मी टेबलाचा वरचा खण ओढायला गेले, तर त्यांनी हातातला पेचकस माझ्या मनगटावर आडवा धरला.

"त्यातला नाही."

"का? बिघडलाय?"

"बस आधी. सांगतो."

मामांचं 'सांगतो' म्हणजे तासाची निश्चिंती. मी घड्याळ बघितलं, ताईनं मला कोपर मारलं. बसले.

"माझ्या ओळखीचा एक साउंडवाला आहे," मामा म्हणाले. "माझ्याच हाताखाली शिकला. त्याला मी एक सवय लावलेली. कार्यक्रम संपला की आधी माइक मोजायचे. पेटीत फोमला सात खाचा. प्रत्येक माइकवर चिकटपट्टी, पट्टीवर आकडा. सात खाचा भरल्याशिवाय पेटी मिटायची नाही, मग जग इकडचं तिकडे होवो.

"तीन वर्षांपूर्वी एका ऑफिसची अशीच सहल होती. नदीपलीकडची शेड. हा साउंडला, आणि मागे कोरसला त्याची मावसबहीण. घरात तिला बारकी म्हणायचे. कॉलेजात शिकायची. 'नीट घरी आणून सोड रे तिला,' असं मावशीनं दारातच बजावलं होतं. रात्री पावसाचा जोर वाढला. पुलावर पाणी चढतंय म्हणताच सगळ्यांची पळापळ. यानं टेम्पोत सामान भरलं, माइक मोजले. सहा. म्हणाला, 'बारके, सात नंबर स्टेजवर राहिला. पळ, घेऊन ये. मी पुढे होतो, तू बसनं मागून ये.' टेम्पो पूल ओलांडून गेला. बसवाल्यानं आपली माणसं मोजली. ऑफिसची बत्तीस. बरोबर भरली. बस गेली. बारकी त्याच्या यादीत नव्हतीच."

"म्हणजे माइकसुद्धा मोजले," मी म्हणाले, "आणि तिला कुणीच नाही."

"हं."

"मग?"

"दोन दिवसांनी सापडली. खाली बंधाऱ्याला अडकलेली. माइक नाही सापडला. मावशीला यानं सांगितलं, मी चल चल म्हणत होतो, तीच हट्टानं मागे राहिली."

"किती खोटारडा माणूस!"

"अगं, पुरतं ऐकशील का?"

ताईनं पुन्हा कोपर मारलं.

"पुढच्या वर्षी त्याच शेडमधल्या कार्यक्रमाची सुपारी आली. नाही म्हणावं तर लोक विचारणार, का नाही? गेला. दुपारी तीनला टेम्पो भरला, पाचला वायरी जोडल्या. पेटीत सहाच माइक. सातवी खाच रिकामी ठेवलेली. ऑगस्टचा दुसरा शनिवार होता. नऊ चाळीस झाले होते. लोक चटयांवर बसून जेवत होते, पत्र्यावर पाऊस बडवत होता. गायक माइकवर म्हणाला, 'मंडळी, पाऊस तालात आहे, आमचा ड्रमवाला तेवढा सांभाळून घ्या.' हशा पिकला. तिसरं गाणं सुरू झालं. या वेळी कोरसला कुणी नव्हतं. तरी ध्रुवपदाची ओळ परत आली. मागून. बारीक आवाजात."

मामांनी पेचकस खाली ठेवला.

"लोकांना वाटलं, रेकॉर्ड लावलीय. टाळ्या पडल्या. यानं मिक्सरकडे पाहिलं. सात नंबरच्या चॅनेलचा दिवा लुकलुकत होता. सातला केबलच नव्हती. यानं सातची आवाजाची दांडी खाली ओढली. आवाज तेवढाच. सगळ्या दांड्या ओढल्या. तेवढाच. मग मेन बंद केला. अंधार. गायक थांबला. ड्रम थांबला. नुसता पाऊस. आणि स्पीकरमधून..."

रस्त्यावर कुणाचं तरी शटर पडलं. आम्ही दोघी दचकलो.

"'एक... दोन... तीन...' मोजत होती. सहापर्यंत. मग गप्प. मग...

"'दादा, सात सापडला. थांब ना.'"

ताईनं माझा हात घट्ट धरला. मी कसंबसं विचारलं, "आणि लोक?"

"हसले. एक जण ओरडला, 'अहो, लाइट गेली तरी यांचं माइक टेस्टिंग संपेना!' यानं मोबाइलच्या उजेडात पेटी उघडली. सात खाचा. सात माइक. सातव्याच्या जाळीत गाळ."



"मग मावशीला सांगितलं त्यानं?" मी विचारलं. "खरं काय ते?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तू बसलीयेस, त्याच स्टुलावर बसला. माइक टेबलावर ठेवला. म्हणाला, मास्तर, हा माझ्या घरात नको. मी खोलला, पुसला, वाळवला..."

"मी माइकचं विचारत नाहीये, मामा. मावशीचं विचारतेय."

"तिचं आता वय झालंय गं. कशाला उगाच..."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे. दोन वर्षं तुम्हीही गप्प. आणि ती बाई रोज सकाळी उठते ती आपली पोर हट्टानं मेली असं समजून."

"तुम्हा पोरींना कळायचं नाही ते."

"काय कळायचं नाही? बारकीनं सांगितलेलं काम केलं. सात नंबर आणून दिला. तुमच्यापैकी एकालाही तिच्या आईपर्यंत चार पावलं जाववत नाहीत."

मामांनी मान खाली घातली. मी खण ओढला. या वेळी त्यांनी अडवलं नाही.

आत एकच माइक होता. केबल नाही. पट्टीवर सातचा आकडा. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं.

"सकाळीच बदललाय कागद," मामा हळू आवाजात म्हणाले. "रोज बदलतो."

मी वाकून पाहिलं. कागदावर आजचीच तारीख होती. तो भिजून खणाच्या तळाला चिकटला होता, आणि माइकच्या जाळीखाली बोटभर ओला गाळ साचला होता.